पणजोबांच्या पलीकडे : घराण्याचा इतिहास शोधू इच्छिणाऱ्यांसाठी

घराण्यांच्या इतिहासाविषयी कोठे व्याख्यान झाले की ते संपताच पाचसहा श्रोते व्यासपीठापाशी येऊन थांबतात, आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न शब्दांच्या किंचित फरकाने एकच असतो : ‘आमचे मूळ गाव अमुक, आडनाव तमुक, तर आमचा मूळ पुरुष कोण, हे पेशवे दफ्तरात सापडेल काय?’ प्रश्न कळकळीचा असतो, पण तो उलट्या टोकाने विचारलेला असतो. मूळ पुरुष आधी धरून त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत उतरू पाहणाऱ्याला वाटेत शंभर फाटे फुटतात आणि त्यांतला आपला कोणता हे सांगणारे कोणी भेटत नाही. याउलट आपल्यापासून बापाकडे, बापापासून आजाकडे, असे एकेक पिढी मागे जाणाऱ्याच्या हाती प्रत्येक पायरीवर एखादा तरी कागद किंवा एखादी तरी साक्ष लागते. आपण हा उद्योग आरंभणार असाल, तर पुण्या-मुंबईच्या दफ्तरखान्याची वाट धरण्यापूर्वी पुढील क्रम ध्यानात घ्यावा, अशी विनंती आहे.

आरंभ घरातल्या वडीलधाऱ्यांपासून

दफ्तरातील कागद पुढच्या वर्षीही तेथेच असेल. आपली नव्वदीची आत्या असेलच असे नाही. म्हणून पहिली फेरी माणसांकडे. तीही शक्यतो घरातील स्त्रियांकडे आधी, कारण कोणाची लेक कोठे दिली, कोणती सून कोणत्या गावची, कोणते मूल लहानपणी गेले, हा सारा तपशील त्यांच्या स्मरणात असतो आणि कागदावर तो क्वचितच उतरलेला असतो.

विचारताना सन-तारीख विचारू नये. ‘आजोबा कोणत्या साली वारले?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि उत्तर देता न आल्याने वृद्ध माणूस खट्टू होतो. त्याऐवजी ज्या घटनेची गावाला आठवण असते तिच्याशी प्रसंग जोडून विचारावे : मानमोडीच्या साथीआधी की नंतर (ती १९१८ ची), पानशेतच्या पुराच्या वेळी कोण हयात होते (१२ जुलै १९६१), कोयनेच्या भूकंपाला घरात पाळण्यात कोण होते (११ डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेले होते. अशा चार खुंट्या हाताशी आल्या की बाकीच्या गोष्टी त्यांना टांगता येतात.

पहिल्या भेटीत एवढे तरी टिपून घ्यावे :

- प्रत्येकाचे पाळण्यातले, व्यवहारातले आणि हाक मारण्याचे अशी तिन्ही नावे; स्त्रियांचे माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि बापाचे नाव.
- कुलदैवत, देवक अथवा गोत्र, आणि जत्रेला पूर्वी कोणत्या गावी जात असत ते.
- कोणी दत्तक गेले किंवा आले काय. घरात दोन बायका कोणाच्या होत्या. कोण परागंदा झाले.
- जमीन कोणत्या गावांत होती, ती विकली की कुळाकडे गेली.

मग ट्रंका उघडाव्यात. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, कर्जरोखे, पोस्टाचे पासबुक, तसबिरीच्या पाठीमागची अक्षरे, एवढेच नव्हे तर माळ्यावरची भांडीसुद्धा पाहावीत. तांब्यापितळेच्या घागरीच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आणि गाव हा अनेक घरांत उरलेला सर्वांत जुना लेख असतो, आणि लग्नात माहेराहून आलेल्या घागरीवर तर पणजीच्या बापाचे नाव असण्याचा संभव असतो. भांडे मोडीत देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे.

तालुक्याच्या कचेरीत काय मिळते

येथून पुढची तीनचार पिढ्यांची वाट आपल्याला तालुक्यातच सापडते. पाहावयाचे कागद असे :

- शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. जुन्या मराठी शाळांतून ही शंभर वर्षांहून मागची आढळते. तीतील जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवू नये. मुलाची तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे होत, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.
- गाव नमुना १४, ज्याला बोलीत कोतवाल बुक म्हणतात. यात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात आणि त्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या असतात.
- सातबारा, आठ-अ आणि फेरफार. यांपैकी फेरफाराविषयी पुढे सविस्तर सांगतो.
- भूमी अभिलेख कार्यालयातील आकारबंद, टिपण, फाळणी आणि गावठाणातील घरासाठी मिळकत पत्रिका व चौकशी नोंदवही.

यांपैकी फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, हा सर्वसामान्य शेतकरी घराण्याचा खरा इतिहासग्रंथ होय, असे मी अनुभवाने म्हणतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यानंतर जमिनीवरील हक्कात होणारा प्रत्येक बदल क्रमांक घालून लिहून ठेवण्याची शिस्त पडली. आजच्या किंवा हस्तलिखित जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे दिसतात ते या फेरफारांचे क्रमांक. एक क्रमांक घ्यावा, त्याची नक्कल मागवावी. तीत आधीच्या खातेदाराचे नाव मिळते, त्याच्या नावाचा फेरफार शोधावा, आणि असे मागे मागे जावे.

एक नोंद जवळून पाहू. समजा तीत लिहिले आहे : ‘खातेदार गणू रामा हे ता. १४-३-१९६१ रोजी मयत. वारस १) मुलगा सखाराम, २) अज्ञान मुलगा विठू, अ.पा.क. आई चंद्राबाई, ३) विधवा चंद्राबाई, ४) मुलगी सोनाबाई कोम दाजी, रा. अमुक.’ चार ओळी. परंतु त्यांतून मृत्यूची तारीख कळली, दोन भावांपैकी धाकटा तेव्हा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, होता हे कळले, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता या नात्याने आईचे नाव लागले, आणि लेक कोणत्या गावी व कोणाच्या घरात दिली तेही कळले. कारण ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. तसेच ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘भ्रतार’ म्हणजे नवरा, आणि ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एका भावाच्या नावापुढे ही शेवटची अक्षरे असली तर त्याच्यामागे नावे न लागलेले आणखी भाऊ आहेत असे समजून त्यांचा शोध करावा.

याच नोंदवहीतील एक गोष्ट नेहमी माझ्या अंतःकरणाला लागते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलगे असता मुलींची नावे सहसा येतच नाहीत. त्यानंतर ती येऊ लागतात, आणि पुष्कळदा पुढच्याच फेरफारात त्या मुलींनी भावांच्या लाभात हक्कसोड लिहून दिल्याची नोंद असते. पुष्कळ घराण्यांतील लेकी सरकारी कागदावर प्रथम येतात त्या आपला हक्क सोडण्यासाठी. त्यांची नावे तेथून उचलून आपल्या वंशावळीत लिहिणे हे आपले काम आहे.

गावाचा तालुका आणि जिल्हा कोणत्या काळात कोणता होता हेही आधी पाहून ठेवावे. सिंधुदुर्ग १९८१ पूर्वी रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत, लातूर १९८२ पूर्वी उस्मानाबादेत, पालघर २०१४ पूर्वी ठाण्यात. फलटण, औंध, भोर, जत, सावंतवाडी ही तर १९४८ पर्यंत संस्थानेच होती, आणि कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले. आजच्या जिल्ह्यात कागद ‘नाही’ असे उत्तर आले तर पुष्कळदा तो जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी असतो.

क्षेत्रोपाध्ये, भाट आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पैठण, तसेच काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. श्राद्धासाठी किंवा अस्थिविसर्जनासाठी आलेल्या यजमानाने स्वतःचे, बापाचे, आजाचे, भावांचे आणि मुलांचे नाव स्वहस्ते लिहून खाली सही करावयाची, असा परिपाठ असल्याने आपल्या खापरपणजोबांचे हस्ताक्षर पाहण्याचा योग येथे येऊ शकतो. या वह्या गावाच्या आणि आडनावाच्या अनुक्रमाने लावलेल्या असतात. म्हणून मूळ गावाचे जुने नाव अचूक सांगितल्यावाचून उपाध्यायालाही काही काढता येत नाही.

सांगली-कोल्हापूरकडील आणि कर्नाटकाच्या सीमेवरील वाचकांनी हेळव्यांची चौकशी करावी. बैलावर बसून दारोदार येणारा आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारा हा समाज. आता त्यांच्या फेऱ्या विरळ झाल्या आहेत. इतरत्र हेच काम भाटांच्या पोथ्यांनी केले. भाटाची पोथी अलीकडच्या पाचसात पिढ्यांपुरती बरीच विश्वसनीय असते. त्यापलीकडे ती एखाद्या राजवंशाला जाऊन मिळाली की तेथे थांबून दुसऱ्या पुराव्याची वाट पाहावी.

या सर्व वह्या खासगी मालकीच्या आहेत. त्या पाहण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क नाही. दक्षिणा आधी ठरवावी, छायाचित्र विचारून घ्यावे, आणि वहीत आपल्या पिढीची नोंद करताना बहिणींची व मुलींची नावेही आठवणीने लिहावीत.

पुराभिलेखागाराकडे केव्हा वळावे

येथवरच्या पायऱ्या चढून १८५० च्या मागेपुढे पोचलात आणि घराण्याकडे वतन, इनाम, सरकारी चाकरी किंवा एखादा मोठा तंटा होता असे दिसले, तरच पुराभिलेखागाराची वाट धरावी. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर हजारो रुमालांत बांधलेले आहे : शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, इनाम कमिशनचे कागद असे त्याचे विभाग. ही सारी रचना राज्यकारभाराच्या सोयीची आहे, आडनावांची नव्हे. कर देणाऱ्या साध्या रयतेचे नाव तेथे सापडण्याचा संभव थोडा, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; नाही तर माणसे आठवडाभर रजा काढून येतात आणि रिकाम्या हाताने परततात.

वतनदारांची गोष्ट निराळी. इनाम कमिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इनामदारांकडून कैफियती घेतल्या. त्यांत घराण्याने स्वतःच सांगितलेला कुर्सीनामा, म्हणजे वंशावळ, जोडलेला असे. वतन या शब्दाने केवळ पाटील-कुलकर्णी डोळ्यांपुढे आणू नयेत. महार वतनाची नोंद ठेवली जात होती, तीत हिस्सेदारांची नावे असत, आणि ही कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द होताना पुन्हा कागद झाले; त्यामुळे पुष्कळ दलित घराण्यांचा माग त्याच गावातील एखाद्या भूमिहीन उच्चवर्णीय घराण्याहून अधिक मागे नेता येतो. तसेच गोतसभेच्या जुन्या महजरांत, म्हणजे निवाडापत्रांत, गावचे बलुतेदार साक्षीला असत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, शेट्याच्या नावापुढे तराजू, आणि इतरांची आपापल्या हत्याराची. लिहिता न येणाऱ्या माणसाने केलेली ती सही होय.

प्रदेशपरत्वे ठिकाणे अशी :

- मुंबई इलाख्याच्या सरकारी कागदांसाठी मुंबईतील काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागार. करवीर संस्थानासाठी कोल्हापूर.
- मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि निजामी अमदानीच्या कागदांसाठी हैदराबाद. येथे उर्दू जाणणारा सोबती लागेल. १९५४ चे खासरापत्रक तहसिलात आधी पाहावे.
- नागपूर प्रांतासाठी बंदोबस्ताच्या मिसली आणि मालगुजारीचे कागद. नागपूरचे पुराभिलेखागार व विदर्भ संशोधन मंडळ.
- गोव्यासाठी पणजीचे पुराभिलेखागार, ज्याची स्थापना १५९५ सालची आहे. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चमधील बाप्तिस्म्याची पुस्तके. वसईकर ख्रिस्ती वाचकांनाही हाच मार्ग.
- तंजावरच्या मराठी घराण्यांसाठी सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद.
- मॉरिशसच्या मराठी बांधवांसाठी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूट, जेथे गिरमिटिया म्हणून उतरलेल्यांची नोंद जतन केलेली आहे.

जाण्यापूर्वी पत्र लिहून वेळ, ओळखपत्र आणि नकलेचे नियम विचारून घ्यावेत. ‘आमच्या घराण्याविषयी जे असेल ते’ अशी मागणी करू नये. ‘मौजे अमुक, तर्फ तमुक, परगणा अमका, येथील वतनाचे कागद, अंदाजे काळ अमुक’ अशी करावी.

मोडी आणि जुनी कालगणना

मोडी अवघड आहे ही समजूत अर्धीच खरी आहे. अक्षरे महिन्याभरात लागतात. अडखळायला होते ते शब्द तोडून लिहिलेले नसल्यामुळे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे आणि ‘मौ॥’ म्हणजे मौजे अशा संक्षेपांमुळे. पुराभिलेख विभाग आणि अनेक खासगी संस्था मोडीचे वर्ग चालवतात. त्यांपैकी एकाला जावेच. वाचन दुसऱ्याकडून करून घेतले तरी निदान आपले गाव आणि आपल्या घराण्यातील नावे आपल्याला ओळखता आली पाहिजेत.

तारखांत बहुतेक जण चुकतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; वर्षअखेरच्या पौष-माघ-फाल्गुनातील तिथीला बहुधा ७९. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो आणि तो उलट क्रमाने वाचावयाचा : ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमाराला सुरू होते. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढील महिन्यांसाठी ६०० मिळवावेत. अर्थात हा कागद १७७२-७३ चा. थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये निवर्तले ते याच सालात. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावेत. मूळ कागदावर जे लिहिले आहे ते आधी जसेच्या तसे उतरून घ्यावे आणि इसवी सन शेजारी लिहावा, म्हणजे हिशेब चुकला तरी पुरावा बिघडत नाही.

व्याख्यानांना जाताना

पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०), धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील वाचनालये यांच्या व्याख्यानांना जरूर जावे. पण रिकाम्या हाताने जाऊ नये. एका कागदावर आपली चार पिढ्यांची वंशावळ, गाव आणि जेथे अडलात ती एकच अडचण लिहून न्यावी. वक्त्याला ‘आमचे मूळ काय’ असे न विचारता ‘या परगण्याचे कागद कोणत्या दफ्तरात आहेत’ असे विचारावे. याचे उत्तर तो दोन मिनिटांत देऊ शकतो. आणि शेजारी बसलेल्या श्रोत्याशी बोलावे. तो आपल्याच तालुक्यातला असला, तर कोणत्या कचेरीत कोणते कागद आहेत हे त्याला वक्त्याहून अधिक ठाऊक असते.

आपले हक्क

- जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार कोणालाही फी भरून नोंदीचा शोध घेववून उतारा मागता येतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही.
- महसुली कागदांची प्रमाणित नक्कल फी भरून मिळते. पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.
- नक्कल नाकारली किंवा अर्ज पडून राहिला, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये फीचा अर्ज करावा. महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील. या कायद्यात कागद प्रत्यक्ष पाहण्याचा आणि टिपणे घेण्याचाही हक्क आहे. जुन्या नोंदवह्यांच्या बाबतीत मी नेहमी प्रत्यक्ष पाहणीच मागतो, कारण कारकुनाला न लागलेले नाव आपल्याला लागते.

जात पडताळणीसाठी कागद शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की त्या कामाला प्रवर्गानुसार १९५०, १९६१ किंवा १९६७ पूर्वीच्या पुराव्याला महत्त्व असते आणि त्याचे नियम स्वतंत्र आहेत. घराण्याचा इतिहास लिहिताना मिळालेली नोंद तेथे उपयोगी पडू शकते. पण तेथे उपयोगी पडावी म्हणून ती वाकवू नये.

जेथे फसगत होते

आजाचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे ‘रामजी बिन गणोजी’ आणि ‘गणोजी बिन रामजी’ ही जोडी दर दोन पिढ्यांनी पुन्हा येते, आणि घाईत दोन रामजींचा एक होऊन मधल्या पन्नास वर्षांच्या पिढ्या गळतात. जमिनीचा सर्व्हे नंबर किंवा बायकोचे नाव जुळल्याखेरीज दोन नोंदी एका माणसाच्या मानू नयेत. दत्तक गेलेल्याच्या बापाचे नाव बदलते. आडनाव तर जुन्या कागदांत पुष्कळदा नसतेच. गाव सोडल्यावर ‘कर’ लागले, हुद्द्यावरून दुसरे लागले, आणि सख्ख्या भावांची आडनावे निराळी झाली. म्हणून केवळ आडनाव एक म्हणून घराणे एक, असा निष्कर्ष काढू नये.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत लिहिलेली नसते. गावी जाऊन तलाठ्याकडे जुने फेरफार मागू लागलात की संध्याकाळपर्यंत भाऊबंदांत कुजबुज होते की हा हिस्सा मागायला आला. मी स्वतः एका गावी याच कारणाने दोन वर्षे कोणाच्या ओसरीवर बसू शकलो नाही. तेव्हा आधी भावकीतील वडील माणसाच्या घरी जावे, वंशावळीचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा, त्यांच्याच हातांनी त्यांच्या मुलानातवंडांची नावे लिहवून घ्यावीत, आणि मग कचेरीत जावे.

काम पुरे होण्याची वाट पाहत बसू नका, कारण ते पुरे होत नसते. प्रत्येक नावापुढे कागदाचा क्रमांक किंवा सांगणाऱ्याचे नाव व तारीख लिहा. जेथे पुरावा नाही तेथे जागा कोरी ठेवा. त्या वंशावळीच्या तीन प्रती काढून एक भावकीत, एक गावच्या वाचनालयात आणि एक घरातील लेकीकडे द्या. आणि येत्या सुट्टीत आपल्या आजीला, ती हयात असेल तर, तिच्या आईचे आणि आईच्या आईचे नाव व माहेर विचारून आजच्या तारखेसह लिहून ठेवा.